वेडं पाणी

त्या वर्षी रुझार तारवटी मीठ घेईना.
"मीठ नको गे भामे, पाणी आण.
पहिल्या खाचऱ्यातलं, अजून मीठ न झालेलं."
डोक्यावरची पाटी त्याच्या पायरीवर टेकवली
आणि मनात म्हटलं, बायको गेली, म्हातारा हुकला.

चोपडेहून शिवोलीला तेव्हा फेरीबोट होती.
नव्या पुलाचे खांब नदीत उभे, वर काहीच नाही,
कावळे तेवढे त्यांच्यावर थांबत थांबत पलीकडे जायचे.
मी कळशी घेऊन चढले. फेरीवाला म्हणाला,
"शिवोलीत पाणी संपलं काय?"
काय सांगणार.

आमच्या आगराच्या तोंडाशी लाकडी दार आहे,
त्याला आम्ही मानस म्हणतो.
भरतीला सासरा उघडतो, पाणी फिरायच्या आत पाडतो.
मानस म्हणजे मन, असं लेकीनं शाळेतून आणलं.
असेल. आमच्या मानशीतून
गाळ येतो, खेकडे येतात, कुणाची तरी चप्पल येते,
कधी हातभर चोणक,
आणि पाणी येतं ते बेभान, फेसाळत,
मग खाचऱ्यातून खाचऱ्यात, उन्हात निजून निजून
शहाणं होतं.
शहाणं झालं की पाटीत भरायचं.

चोणकही मीच नेला होता, कल्ले लाल असतानाच.
रुझारनं नापोलीहून आणलेलं उथळ पातेलं काढलं,
तीस वर्षं जहाजावर शिजवलेल्या हातानं
तीन लसणी ठेचल्या, टोमॅटो मुठीत फोडले,
बाटलीच्या तळचं ऑलिव्हचं तेल थेंब मोजून सोडलं.
"वाटण?"
"नाही."
"तिरफळं? नारळ?"
"नाही गे."
"सोलं तरी! वास मारेल."
त्यानं पातेल्यावर आडवा हात धरला,
लेकरावर ऊन आलं की धरतात तसा.

मग कळशीतलं अर्धं, विहिरीचं अर्धं.
तेलाला भिडताच पाणी नाचू लागलं,
भिंतीवर उडालं, त्याच्या चष्म्यावर उडालं.
"बघ, वेडं पाणी! तिथं नावच ते.
तिथले म्हातारे खारवी सांगायचे,
राजानं मिठावर कर बसवला, तेव्हा समुद्रच ओतला टोपात."
मिठावर कर! मला पायलीभर विकायला
तीन वाडे पालथे घालावे लागतात.

इस्प्रांसनं हे कधी चुलीवर चढू दिलं नव्हतं.
"माशाची पेज," म्हणायची,
"आजाऱ्याचं कालवण. जहाजावर खा."
दर सुट्टीत तो विचारायचा,
दर सुट्टीत ती हुमण करायची,
आणि तो तीनदा भात घ्यायचा.
आता चूल मोकळी होती.

तो परसात कोथिंबीर खुडायला गेला.
माझ्या ओच्यात दोन सोलं होती.
खरं सांगते, विचार केला नाही.
एक सोडलं, माशाच्या पोटाखाली सरकवलं,
दुसरं ठेवलं.

त्यानं दोन ताटं मांडली. एक माझं असेल वाटलं;
माझं तिसरं, नंतर आलं.
पहिला घास घेतला
आणि चमचा खाली ठेवला.
रस फिकट गुलाबी झाला होता, कडेला.
"इस्प्रांसनं टाकलं," तो म्हणाला.
माझ्याकडे बघितलं नाही.
परसदाराकडे बघितलं, जरा रागानं,
मग सगळा मासा खाल्ला, डोक्यासकट,
काटे चोखून ताटाच्या कडेला ओळीनं लावले.

चव कशी होती विचारता?
खारट. थोडी आंबट.
माशाला माशाचीच चव होती, मला सवय नव्हती.
घरी मी कधी केलं नाही.

पूल झाला. फेरीवाला मडगावला गेला.
रुझारचं दार आता बंद असतं,
पायरीवर पाटी टेकायला हरकत नाही कुणाची.
कळशी त्यानं त्याच दिवशी परत दिली होती,
घाईत, न विसळता, तळाशी थोडं तसंच ठेवून.
मी ती पडवीत विसरले.
वैशाखात उचलली तर हलकी,
आत, गळ्याच्या जरा खाली,
पांढरी रेघ.